अमूर्त चित्र लिलावात जातं तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक तैलचित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेलं. त्या बातमीनंतर आधुनिक चित्रांच्या खरेदी-विक्रीबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

बातमीतल्या फोटोत मला नुसता रंग दिसला. आकृती नाही, चित्राला नावही नाही. त्यात एवढ्या किमतीचं काय आहे? गायतोंडे मूळचे आमच्या नागपूरचे, म्हणून जास्तच उत्सुकता आहे. (वाचक, नागपूर)

गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला. घराणं गोव्याचं, वाढले मुंबईत गिरगावात, आणि १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. सुरुवातीची चित्रं आकृतींची होती. पन्नासच्या दशकात आकृती हळूहळू विरत गेली आणि साठच्या दशकात ती पूर्ण गेली. १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७२ पासून अखेरपर्यंत, म्हणजे २००१ पर्यंत, त्यांचा मुक्काम दिल्लीत होता.

छापील फोटोत या चित्रांचं जवळजवळ सगळंच हरवतं. हे रंग एका हातात लावलेले नाहीत. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) वापरून गायतोंडे तैलरंगाचे पातळ थर एकावर एक देत, काही ठिकाणी रंग खरवडून खालचा थर उघडा करत, काही ठिकाणी कागदाचे फाडलेले किंवा कापलेले तुकडे रंगात दाबून त्यांचे ठसे उमटवत. खालचा थर किती वाळल्यावर वरचा द्यायचा, हा अंदाज चुकला तर रंग चिखलासारखा होतो किंवा पुढे तडकतो. त्यांच्या चांगल्या चित्रात तो अंदाज इतका अचूक असतो, की उजेड पृष्ठभागावरून न येता आतून येतोय असं वाटतं. हे डोळ्यांनी पाहायचं तर आठ-दहा फुटांवर उभं राहून सुरुवात करा, मग हातभर अंतरावर या, आणि शेवटी बाजूने तिरपं पाहा. तिरप्या उजेडात ठशांच्या कडा आणि खरवडलेल्या जागा दिसू लागतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. मांडणी बदलत असते, त्यामुळे जाण्याआधी फोन करून विचारा.

आता किमतीबद्दल. गायतोंडे फार कमी चित्रं करत, वर्षाला जेमतेम पाच-सहा. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांनी मोठे कॅनव्हास केलेच नाहीत. त्यांची बरीच चित्रं संग्रहालयांत आणि जुन्या संग्रहांत आहेत, ती सहसा बाजारात येत नाहीत. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं आणि परदेशातले खरेदीदारही आले. म्हणजे मागणी वाढली आणि पुरवठा तिथेच राहिला.

मात्र आकडे वाचताना एक काळजी घ्या. त्यांच्या चित्रांना २०१३ मध्ये २३.७ कोटी, २०१५ मध्ये २९.३ कोटी, २०२१ मध्ये ३९.९८ कोटी, २०२२ मध्ये ४२ कोटी आणि २०२५ मध्ये ६७.०८ कोटी मिळाले. ही पाच वेगवेगळी चित्रं आहेत: १९७९, १९९५, १९६१, १९६९ आणि १९७० सालची. त्यामुळे ‘बारा वर्षांत जवळजवळ तिप्पट’ असा परताव्याचा हिशेब यातून निघत नाही. खरा हिशेब एकच चित्र दोनदा विकलं गेलं तरच करता येतो. शिवाय बातमी फक्त विक्रमाची होते. न विकता परत गेलेल्या चित्रांची होत नाही.

लिलावाच्या कॅटलॉगमधली नोंद कशी वाचायची? सगळ्या चित्रांसमोर साधारण तेच तेच लिहिलेलं असतं. (वाचक, ठाणे)

नोंदीत सगळ्यात महत्त्वाच्या जागा तीन: सहीची ओळ, मालकीचा इतिहास आणि एस्टिमेट.

सहीची ओळ शब्दशः वाचा. गायतोंडे यांच्या अनेक कॅनव्हासवर समोर सही नसते. पाठीमागे देवनागरीत सही आणि साल, त्याखाली इंग्रजीत पुन्हा नाव आणि साल असतं. त्यामुळे ‘पाठीमागे सही’ ही अशा चित्राची उणीव समजू नये. उलट, एखादा चित्रकार नेहमी मागे सही करत असेल आणि समोर ठसठशीत सही दिसली, तर ती नंतर कुणीतरी घातली आहे का, हे तपासावं लागतं. ‘अमुक चित्रकाराचं मानलं जाणारं’ किंवा ‘अमुक यांच्या शैलीतलं’ असे शब्द नोंदीत असतील, तर ते चित्र त्या चित्रकाराचं असल्याची हमी लिलावघर देत नाही, असा अर्थ घ्यायचा. मोजमापात उंची आधी असते, रुंदी नंतर, आणि फ्रेम धरलेली नसते.

मालकीच्या इतिहासात सलगता पाहा. ‘चित्रकाराकडून थेट, १९७१, त्यानंतर वारसाहक्काने’ ही उत्तम नोंद. ‘खाजगी संग्रह, दिल्ली’ एवढंच असेल आणि चित्र पन्नास वर्षांपूर्वीचं असेल, तर मधली वर्षं कुठे होतं, हे लिलावघराला लेखी विचारा. चांगलं घर उत्तर देतं. प्रदर्शनात किंवा पुस्तकात चित्र छापलं गेल्याची नोंद असेल, तर ते छापील पान स्वतः काढून ताडून पाहा. आकृती नसलेल्या चित्रांच्या बाबतीत फोटो उलटा छापल्याची किंवा दुसऱ्याच चित्राचा फोटो लागल्याची उदाहरणं असतात, म्हणून रंगापेक्षा ठशांच्या आणि रेघांच्या जागा जुळतात का, ते बघा.

एस्टिमेट म्हणजे लिलावघराचा किमतीचा अंदाज, खालचा आणि वरचा असे दोन आकडे. त्याशिवाय एक तिसरा आकडा असतो, तो छापत नाहीत: रिझर्व्ह. विक्रेता आणि लिलावघर यांनी ठरवलेली ही किमान किंमत. ती सहसा खालच्या एस्टिमेटइतकी किंवा त्याहून कमी असते. बोली तिथवर पोचली नाही तर चित्र विकलं जात नाही.

आणि कॅटलॉगवर थांबू नका. लिलावाआधी चित्रं काही दिवस पाहायला मांडतात आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. तिथे चित्राची पाठ दाखवा असं सांगायला संकोच करू नका, आणि कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या स्थितीचा अहवाल, मागून घ्या. तो कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा छापलेला नसतो, मागितल्यावर मिळतो.

वडिलांना १९६२ च्या सुमारास त्यांच्या एका चित्रकार मित्राने तैलचित्र भेट दिलं होतं. ते चित्रकार पुढे नावारूपाला आले. चित्रावर धूळ आहे, एका कोपऱ्यात रंग सुटतोय, पावती वगैरे काही नाही. विकायचं तर काय करावं? पुसून, नवी फ्रेम करून न्यावं का? (वाचक, सांगली)

पुसू नका. ओल्या फडक्याने नाही, कोरड्याने नाही, बटाट्याची फोड किंवा पावाचा गाभा घेऊनही नाही. त्या काळातल्या अनेक आधुनिक तैलचित्रांवर वॉर्निश नसतं, रंग उघडाच असतो. पाणी तडांमधून आत जातं, कॅनव्हासवर दिलेला सरसाचा थर फुगतो आणि वाळताना रंग सोडून देतो. कोपऱ्यात रंग आधीच सुटतोय, म्हणजे हे तिथे सुरू झालंय. भिंतीवरून उतरवून चित्र, रंगाची बाजू वर करून, आडवं ठेवा. खपली पडली असेल तर ती छोट्या कागदी पाकिटात घालून जागा लिहून ठेवा. ती परत बसवता येते.

गावातल्या फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. यात त्यांच्या हेतूचा प्रश्न नाही, पण अशा चित्रांचं सर्वांत मोठं नुकसान नेमकं तिथेच होतं: सैल कॅनव्हास प्लायवूडवर गोंदाने चिकटवला जातो, फ्रेममध्ये बसावा म्हणून कडा कापल्या जातात, ‘चमक यावी’ म्हणून तेल किंवा वॉर्निश फिरवलं जातं. कापलेल्या कडेबरोबर खिळ्यांच्या खुणा जातात, कधी मागची सहीसुद्धा जाते. चिकटवलेला कॅनव्हास सोडवायला तज्ज्ञाला कित्येक दिवस लागतात आणि तरी पूर्ण पूर्ववत होत नाही. जुनी, मोडकी फ्रेमही टाकू नका. तिच्या मागे गॅलरीचं लेबल किंवा खडूने लिहिलेला आकडा असू शकतो.

त्यानंतर फोटो काढा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता: पूर्ण समोरून, पूर्ण मागून, चारही कडा, सही, लेबलं, खराब झालेला कोपरा. एक फोटो अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका बाजूने जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून काढा. त्यात उंचवटे आणि सुटलेला रंग स्पष्ट दिसतो, आणि लिलावघराच्या माणसाला त्यावरून बरंच कळतं. फ्रेम सोडून उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा.

कागद नाहीत असं तुम्ही म्हणता, पण पावती हा एकच पुरावा नसतो. त्या चित्रकाराची वडिलांना आलेली पत्रं, डायरीतली नोंद, प्रदर्शनाचं निमंत्रण शोधा. सगळ्यात उपयोगी ठरतात घरातले जुने फोटो: एखाद्या लग्नाच्या किंवा बारशाच्या अल्बममध्ये मागच्या भिंतीवर ते चित्र दिसत असेल, तर ते त्या साली तुमच्या घरात होतं याचा तो पक्का पुरावा झाला. फोटो अल्बममधून काढू नका, पूर्ण पानाचा फोटो घ्या. घरातल्या ज्येष्ठांना आठवतं ते तारखेसह लिहून त्यांची सही घ्या. याला कायद्याच्या पुराव्याइतकं वजन नसलं, तरी मालकीचा इतिहास यातूनच उभा राहतो.

मालकीहक्कही आत्ताच निस्तरा. मृत्युपत्र असेल तर प्रत, नसेल तर सर्व वारसांची लेखी संमती. कॅटलॉग छापून झाल्यावर एखाद्या भावंडाने हरकत घेतली, तर चित्र लिलावातून काढावं लागतं आणि त्याचा खर्च विक्रेत्यावर येतो.

हे सगळं एका ईमेलमध्ये घालून दोन-तीन लिलावघरांना पाठवा. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू ही घरं आधुनिक भारतीय चित्रांचे लिलाव करतात. प्राथमिक अंदाज साधारणपणे विनाशुल्क मिळतो. इथे एक सापळा आहे: जो सर्वांत मोठं एस्टिमेट सांगेल त्याला चित्र द्यावंसं वाटतं. पण एस्टिमेट जास्त लागलं की बोली लावणारे सुरुवातीलाच मागे राहतात, आणि न विकलं गेलेलं चित्र सगळ्यांच्या नजरेत राहतं. निकाल इंटरनेटवर कायम दिसतात. मग ते काही वर्षं बाजूला ठेवण्याशिवाय आणि पुढे कमी एस्टिमेटने आणण्याशिवाय मार्ग उरत नाही. वाजवी, किंचित कमीच एस्टिमेट लावलं तर दोन खरेदीदारांत चुरस लागते, आणि किंमत चुरशीतूनच चढते.

करारात या गोष्टी लेखी पाहा: विक्रेत्याचं कमिशन किती (यावर बोलणी होतात, करावीत), रिझर्व्ह किती, विमा तुमच्या दारातून चित्र उचलल्यापासून की त्यांच्या गोदामात पोचल्यापासून, फोटो आणि कॅटलॉगचा खर्च कुणाचा, तुम्ही चित्र मागे घेतलंत तर दंड किती, विकलं नाही तर परत आणण्याचा खर्च कुणाचा, आणि विकल्यावर पैसे किती दिवसांत. खरेदीदाराने पैसेच भरले नाहीत तर काय, हेही विचारा. असं घडतं.

कोपऱ्याची दुरुस्ती लिलावघराशी बोलल्यावरच करा. अनुभवी खरेदीदाराला हात न लावलेलं, थोडं खराब चित्र चालतं. वाईट दुरुस्ती केलेलं चालत नाही. सुटणारा रंग जागेवर बसवणं मात्र लांबवू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे सल्ला घ्या.

एक मध्यस्थ गायतोंडे यांचं छोटं कॅनव्हास पंधरा लाखांत देतो म्हणतो, सोबत प्रमाणपत्र आहे. ‘घराण्याला तातडीने पैसे हवे आहेत’ असं कारण सांगितलं आहे. घ्यावं का? (वाचक, पुणे)

घेऊ नका. ज्या चित्रकाराच्या कॅनव्हासला खुल्या लिलावात कोटींत पैसे मिळतात, त्याचं खरं चित्र तातडीने विकायला लिलावघर चार दिवसांत अंदाज देतं, काही वेळा आगाऊ रक्कमही देतं. पंधरा लाखांत विकण्याचं कारणच उरत नाही.

प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या नावाइतकीच. जिवंत चित्रकाराने चित्राच्या फोटोमागे सही करून दिलेलं पत्र उपयोगाचं. दिवंगत चित्रकाराबद्दल कुणा ‘कलातज्ज्ञा’ने दिलेला शिक्क्याचा कागद लिलावघर मानणार आहे का, एवढंच विचारा. आणि खोटी चित्रं नामांकित जागीही पोचतात हे लक्षात असू द्या: २००९ साली चित्रकार सय्यद हैदर रझा दिल्लीत आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तेव्हा भिंतीवरची कित्येक चित्रं आपली नाहीत असं त्यांनी स्वतः सांगितलं.

आकृती नसलेल्या चित्राची नक्कल सोपी, असा समज आहे. नक्कल करणारे ठरावीक चुका करतात. रोलरने दिलेला थर आणि ब्रशने गुळगुळीत केलेला थर भिंगाखाली वेगळे दिसतात. नकलेत थर एकाच बैठकीत दिलेले असतात, त्यामुळे कडांना रंग एकमेकांत मिसळलेला दिसतो. चित्राची कडा पाहा: जुन्या कॅनव्हासच्या वळलेल्या कडेवर धूळ, गंजलेले खिळे, उन्हाने पिवळा पडलेला धागा असतो. १९५५ च्या चित्राला चकचकीत स्टेपल पिना असतील तर कॅनव्हास निदान नव्याने ताणलेला आहे, आणि मग जुन्या खिळ्यांची भोकं कुठे आहेत, हे विचारायचं. चहाचं पाणी लावून पिवळा केलेला कॅनव्हास सगळीकडे सारखा पिवळा असतो. खरा कॅनव्हास स्ट्रेचरच्या, म्हणजे तो ज्यावर ताणलेला असतो त्या चौकटीच्या, लाकडाखाली फिका राहतो. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली नंतर लावलेला दुरुस्तीचा रंग गडद डागांसारखा दिसतो, आणि कागद किंवा कापडात आधुनिक शुभ्रकारक रसायन असेल तर ते निळसर पांढरं चकाकतं. अशी रसायनं १९५० च्या आसपासपासून वापरात आली, त्यामुळे ‘१९४५ चा कागद’ असा चकाकला तर गोष्ट संपली. ॲक्रिलिक इमल्शन रंगही १९५० च्या दशकातले, त्याआधीच्या सालाच्या चित्रात ते असूच शकत नाहीत.

यांपैकी कुठल्याही एका तपासणीने चित्र खरं ठरत नाही. या सगळ्या तपासण्या खोटं पकडण्याच्या आहेत.

दहा लाखांवर हातोडा पडला तर खिशातून नेमके किती जातात? (वाचक, नाशिक)

हातोड्याचा आकडा, म्हणजे हातोडा पडतो तेव्हाची शेवटची बोली, कुणीच देत नाही आणि कुणालाच मिळत नाही. खरेदीदाराला त्यावर लिलावघराचा प्रीमियम, म्हणजे त्यांची फी, द्यावा लागतो. दर घरागणिक वेगळा, २० टक्के धरू: २ लाख. प्रीमियम ही सेवा असल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी: ३६ हजार. चित्रावर जीएसटी लागू असल्याचं कॅटलॉगमध्ये त्याच्यासमोर लिहिलं असेल, तर हातोड्याच्या रकमेवर ५ टक्के: ५० हजार. (२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हा दर १२ टक्के होता.) एकूण १२ लाख ८६ हजार. चित्राची किंमत १० लाखांच्या वर गेली, तर २२ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाने १ टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतात. तो तुमच्या आयकरात वळता होतो, पण त्या दिवशी पैसे हातात असावे लागतात. वाहतूक, विमा, फ्रेम वेगळी.

विक्रेत्याकडून पाहा: कमिशन १० टक्के म्हणजे १ लाख, त्यावर जीएसटी १८ हजार, हातात ८ लाख ८२ हजार. दोन्ही टोकांत ४ लाख ४ हजारांचं अंतर आहे. म्हणजे आज घेतलेलं चित्र उद्याच विकायचं ठरलं, तर हातोडा दहाऐवजी साधारण साडेचौदा लाखांवर पडला तरच तुमचे पैसे निघतात. वर्षा-दोन वर्षांत नफा करायचा असेल तर चित्र घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत याच हिशेबावरून आहे.

बातम्यांत येणाऱ्या विक्रमी रकमांत प्रीमियम धरलेला असतो, एस्टिमेटमध्ये नसतो. दोन्हींची थेट तुलना केली तर चित्र एस्टिमेटपेक्षा जास्त चढलं असं उगाच वाटतं.

लिलावात प्रत्यक्ष बोली कशी लावतात? हात खाजवला तर चित्र गळ्यात पडतं का? (वाचक, कोल्हापूर)

नाही. आधी नोंदणी लागते: पॅन, पत्ता, आणि नवीन माणसाकडून बहुधा अनामत. मग क्रमांकाचं पॅडल, म्हणजे हातात धरायची पाटी, मिळतं, आणि लिलावकर्ता क्रमांक पाहूनच बोली धरतो. बोली साधारण दहा टक्क्यांनी चढते: दहा लाखांनंतर अकरा, मग बारा. सभागृहात जायचं नसेल तर फोनवर, ऑनलाइन, किंवा कमाल रक्कम लिहून देऊन बोली लावता येते. लेखी बोलीत तुम्ही २० लाख लिहिलेत आणि समोरचा १४ ला थांबला, तर चित्र तुम्हाला पुढच्या टप्प्यावर, १५ च्या आसपास मिळतं, २० ला नाही. दोघांनी तीच रक्कम लिहिली तर आधी पोचलेली धरतात.

रिझर्व्ह येईपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने स्वतः बोली पुढे नेऊ शकतो. हे अटींत लिहिलेलं असतं आणि त्यात लबाडी नाही, पण त्या टप्प्यावर समोर खरा स्पर्धक असेलच असं नाही, हे जाणून असावं. हातोडा पडला की करार झाला. घरी विचारून सांगतो, ही सोय नाही. म्हणून प्रीमियम आणि करांसह कमाल आकडा आधीच कागदावर लिहा आणि तिथे थांबा.

वारशाने आलेलं चित्र विकलं तर कर लागतो का? घरातली वस्तूच आहे ना? (वाचक, डोंबिवली)

लागतो. फर्निचर, कपडे अशा घरगुती वस्तूंना आयकर कायद्यात भांडवली मालमत्तेतून वगळलं आहे, पण त्या सवलतीतून चित्रं, रेखाटनं, शिल्पं आणि इतर कलाकृती मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. वारशाच्या चित्रात वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचा ताबाकाळ तुमचा धरला जातो. १ एप्रिल २००१ पूर्वीचं चित्र असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत घेता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्या. चोवीस महिन्यांहून जास्त ताबा असेल तर नफ्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही (२३ जुलै २०२४ पासून). समजा कमिशन वजा जाता ३० लाख मिळाले आणि २००१ ची किंमत ४ लाख ठरली, तर नफा २६ लाख, कर ३ लाख २५ हजार, सेस धरून ३ लाख ३८ हजार. पैसे घरात गुंतवले तर अटींसह सूट आहे, ती आपल्या सीएला विचारून घ्या. व्यवहार बँकेतूनच करा, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे.

मी विकत घेतलेल्या चित्राचं कॅलेंडर छापू शकतो का? (वाचक, पणजी)

परवानगीशिवाय नाही. चित्र तुमचं झालं, छापण्याचा हक्क चित्रकाराचा किंवा वारसांचाच राहतो, मृत्यूनंतर ६० वर्षं. गायतोंडे यांच्या बाबतीत २०६१ अखेरपर्यंत.

मुलगा न्यू जर्सीला आहे. १९६८ चं चित्र त्याच्याकडे पाठवता येईल? (वाचक, सातारा)

१९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांवरील चित्रं आणि नऊ चित्रकारांच्या कलाकृती देशाबाहेर नेता येत नाहीत: राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. तुमचं चित्र यांत नसेल तर नेता येतं. कस्टममध्ये अडू नये म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. कॅनव्हास गुंडाळायची वेळ आलीच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड व्यासाच्या नळीवर. आत वळवला तर रंगाचे थर एकमेकांवर दाबले जाऊन तडे जातात. पण थर जाड असतील तर गुंडाळूच नका, लाकडी पेटी करा.

माझ्याकडे पन्नास हजार आहेत. अमूर्त चित्रांपैकी चांगलं काही मिळेल? (वाचक, औरंगाबाद)

मिळेल, पण मोठ्या नावाचा कॅनव्हास शोधत बसू नका. कागदावरची कामं पाहा. आपल्याकडे कॅनव्हासला जास्त मान असल्यामुळे त्याच चित्रकाराचं जलरंगातलं किंवा शाईतलं काम बऱ्याच कमी किमतीत मिळतं, आणि पुष्कळदा ते जास्त मोकळं असतं. जे. जे.च्या आणि इतर कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत, जहांगीर आर्ट गॅलरीत फिरा. किमान वर्षभर नुसतं पाहा.

कागदाचे शत्रू वेगळे. साध्या पुठ्ठ्याच्या माउंटमधलं (चित्राभोवती बसवलेल्या चौकटीतलं) आम्ल काही वर्षांत कागदावर तपकिरी चौकट उमटवतं, म्हणून आम्लरहित बोर्डचं माउंट मागा. काम सेलोटेपने चिकटवू देऊ नका, जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरायला सांगा. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात ओल अडकून बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीवर लावायचं असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे लावा, हवा खेळती राहते.

प्रिंट घेणार असाल तर खालच्या कडेला पेन्सिलीने सही आणि १२/१०० (शंभर प्रतींतली बारावी) असा क्रमांक हवा. मग दहापट भिंगातून रंगाच्या एका कडेकडे पाहा. स्क्रीन प्रिंटमध्ये रंग सलग आणि किंचित जाडसर दिसतो. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेटवर छापलेलं पोस्टर आहे, सही खरी असली तरीसुद्धा, आणि त्याची किंमत पोस्टरइतकीच द्यावी.